सायकलच्या चेनला घरातलं खोबरेल तेल लावलं तर चालेल का?

नाही, खोबरेल लावू नका. चेनचं तेल आणायला जमलं नाही तर निदान शिलाई मशीनचं तेल वापरा. खाद्यतेलं हवा लागून हळूहळू चिकट होतात आणि खोबरेल तर २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी चेनमध्ये मेणच. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, पावसात लगेच धुऊन जातं, त्यामुळे पावसाळ्यात ते पुन्हापुन्हा लावावं लागेल.

तेलाआधी चेन पुसणं महत्त्वाचं. जुना टूथब्रश थोड्या रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून घासा, फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग पेडल उलटं फिरवत प्रत्येक रोलरवर (चेनच्या कड्यांमधल्या फिरत्या नळीवर) एकच थेंब सोडा. तेल रोलरच्या आत, पिनपर्यंत जायला हवं. बाहेर राहिलेलं नुसतं धूळ ओढतं. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी बाहेरचं सगळं कोरड्या फडक्याने टिपून घ्या (बहुतेक जण नेमकं हेच टाळतात आणि मग काळ्या झालेल्या पॅन्टबद्दल कुरकुरतात). डिस्क ब्रेक असेल तर रॉकेल किंवा तेल डिस्कवर उडू देऊ नका, ब्रेक लागणार नाही.

मात्र चेन झिजली असेल तर तेलाने काही होणार नाही. पट्टी लावून पाहा: चेन ताणलेली असताना एका पिनेपासून तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर १२ इंच भरलं पाहिजे. ते १२ इंच अधिक एक अष्टमांश इंच झालं असेल, तर चेन बदलाच. मागची दातेरी चाकंही तोवर झिजू लागलेली असतात.