जुन्या लिव्हर रायफलचे मोल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टेक्सासमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध बाईंना दिवंगत पतीची विंचेस्टर मॉडेल ९४ रायफल (घोड्याखालचा दांडा, म्हणजे लिव्हर, खालीवर करून पुढचे काडतूस भरायची) विकायची आहे. अनुक्रमांक ११ लाखांच्या पुढचा आहे. ती किती जुनी असेल आणि कितीला जावी?

उत्तर : अनुक्रमांकापासून सुरुवात केलीत हे योग्य झाले. दहा लाखावी मॉडेल ९४ कंपनीने १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली आणि वीस लाखावी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांना. तेव्हा ही रायफल या दोन वर्षांच्या मधली. बाजाराच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच, की ती १९६४ च्या आधीची आहे. त्या वर्षी खर्च वाचवण्यासाठी कंपनीने काही घडीव भागांच्या जागी पत्र्याचे भाग आणि भरीव पिनांच्या जागी पोकळ पिना वापरायला सुरुवात केली, आणि ‘चौसष्टच्या आधीची की नंतरची’ हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक सौद्यात पहिला विचारला जातो. मात्र जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या या मॉडेलच्या ७० लाखांहून अधिक रायफली बनल्या, त्यामुळे नुसत्या वयाला फारसा भाव नाही. २० इंची नळी, .३०-३० काडतूस, वापराच्या खुणा आहेत पण काहीही बदललेले नाही, अशी साधी कार्बाइन (आखूड नळीची रायफल) मला अलीकडे ७०० ते १२०० डॉलरच्या दरम्यान जाताना दिसते.

हा अंदाज पडताळताना मागितलेल्या किमती बघू नयेत; त्या विक्रेत्याच्या मनातल्या असतात. पार पडलेल्या लिलावांचे आकडे बघावेत, आणि तेही जपून, कारण हातोडा पडला ती रक्कम, त्यावर लिलावगृहाचे शुल्क चढवून ग्राहकाने भरलेली रक्कम आणि कमिशन वजा होऊन विकणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम या तिन्ही वेगळ्या असतात. बाईंच्या कामाची आहे ती तिसरी. विक्री परवानाधारक दुकानामार्फत करावी, आणि त्याआधी कोणा जाणत्याकडून नळी व तिच्याखालचे काडतुसांचे नळकांडे रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियात एका घरगुती विक्रीत मार्लिन मॉडेल १८९३ मिळाली. नळीवर निळा रंग थोडा टिकून आहे, पण मधला सांगाडा पार करडा पडला आहे. नव्याने ब्लूइंग (पोलादावर निळसर काळा मुलामा) करून घेतले तर किंमत वाढेल का?

उत्तर : कृपया करू नका. या मार्लिनचा सांगाडा कारखान्यातून सहसा निळा बाहेर पडतच नसे. तो हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात गाडून तापवत व पाण्यात विझवत, आणि त्यातून पोलादावर निळ्या, तपकिरी, राखी रंगांचे ढग उमटत. हे रंग फार नाजूक असतात. उन्हाने आणि हाताळण्याने ते उडतात आणि खाली राहते ती आपल्याला दिसणारी करडी चांदी. म्हणजे आपण ज्याला दोष समजता तो शंभर वर्षांचा प्रामाणिक वापर आहे, आणि ब्लूइंग केल्यास रायफलीवर कधी नसलेला रंग चढेल. घोड्याच्या आडोशाला किंवा लिव्हरखाली, जिथे हात आणि ऊन पोचत नाही, तिथे मूळ रंगाचा एखादा तुकडा शिल्लक आहे का ते बघा. असेल तर तो तुकडा सगळ्या नव्या मुलाम्यापेक्षा मोलाचा आहे.

नव्याने मुलामा दिलेली रायफल निम्म्या किमतीला गेल्याची उदाहरणे मी अनेक पाहिली आहेत. खरेदीदाराला ते कळणार नाही, असे समजू नये. घासकामात नळीवरची अक्षरे उथळ होतात, सांगाड्याच्या कडा गोलसर होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. लाकूड मुळात धातूपेक्षा किंचित उंच ठेवलेले असते. दस्ता सॅंडपेपरने घासला की ते धातूच्या खाली जाते आणि बोट फिरवताच लागते. रायफल हातात धरून चालताना सांगाड्याचा खालचा भाग झिजतो. तिथेच रंग अगदी गडद दिसला, की मी बाकीचे बघायच्या आधी चष्मा काढून ठेवतो.

पातळ तेलाचा हात आणि मऊ कापड, एवढीच सेवा पुरे. दस्त्याला वॉर्निश नको.

प्रश्न : विंचेस्टर कंपनीच्या शताब्दीनिमित्त काढलेली १९६६ ची रायफल मूळ खोक्यासह माझ्याकडे आहे. स्मरणार्थ काढलेली म्हणून ती दुर्मिळ मानावी का?

उत्तर : नाही. त्या वर्षी अशा एक लाखाहून अधिक रायफली विकल्या गेल्या आणि पुष्कळांनी त्या जपूनच ठेवल्या. न वापरलेली, खोके व कागदांसह असेल तर मान राहतो. लिव्हर चार वेळा खालीवर केली तरी धातूवर रेघ उमटते आणि संग्राहक ती हमखास शोधतो.

प्रश्न : विंचेस्टर १८७३ विकणारा गृहस्थ ती एका प्रसिद्ध शेरीफची असल्याचे सांगून दुप्पट किंमत मागतो आहे. द्यावी का?

उत्तर : त्या गोष्टीचे वेगळे पैसे देऊ नका, समकालीन कागद असेल तर त्याचे द्या. वायोमिंगमधील कोडी येथील शस्त्र संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या आहेत आणि शुल्क भरून अनुक्रमांकाचे पत्र मिळते. त्यात कॅलिबर (काडतुसाचे माप), नळी गोल की अष्टकोनी, रवानगीची तारीख असे तपशील असतात. ग्राहकाचे नाव मात्र सहसा नसते, त्यामुळे शेरीफ त्या पत्रातून सापडणार नाही. तरीही पत्र मागवाच, कारण वहीत गोल नळी नोंदलेली असून हातात अष्टकोनी असेल, तर सौदा तिथेच संपतो. भाव वाढावा म्हणून वेल्स फार्गो (जुनी टपाल व मालवाहतूक कंपनी) किंवा टेक्सास रेंजर्स (टेक्सासचे पोलीस दल) यांची अक्षरे नंतर ठोकलेल्या रायफली भरपूर फिरतात.

अनुक्रमांकावरून निर्मितीचे वर्षही बघा. १८९८ पर्यंत बनलेली रायफल १९६८ च्या अमेरिकी संघीय कायद्यानुसार पुराणवस्तू ठरते आणि व्यवहार सोपा होतो, म्हणून सीमेच्या अलीकडच्या रायफलींना थोडा जास्त भाव मिळतो. हे मॉडेल विसाव्या शतकातही बनत होते, तेव्हा १८७३ हा आकडा म्हणजे निर्मितीचे वर्ष नव्हे.

प्रश्न : साताऱ्याजवळच्या आमच्या वाड्यात पणजोबांची शिकारीची विंचेस्टर आहे. परवाना आजोबांच्या नावे होता, ते गेल्या वर्षी वारले. अमेरिकेतील नातेवाईक म्हणतात की तिकडे चांगले पैसे येतील.

उत्तर : अमेरिकेतला भाव इथे लागू नाही. आधी परवान्याचे बघा : धारक वारल्यावर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करायचा असतो. ‘जुनी आहे, तिला काय परवाना’ हा समज घातक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील सूट दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशाच पुराण्या शस्त्राला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, हेही घरात आणखी बंदुका असल्यास लक्षात घ्या. रायफल शंभर वर्षांहून जुनी निघाली तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. राहिला इथला बाजार : तिथे ती परवानाधारकालाच, परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकता येईल, आणि किंमत ठरवायला त्याच्यासमोर आजोबांचा परवाना आणि असेल तर खरेदीची जुनी पावती ठेवा.