मोरपंखी बोडकी झाली, आता फुटेल का?

प्रश्न : लातूरला आमच्या घरासमोर कंपाउंडला लागून मोरपंखीची अकरा झाडं आहेत, दहा-बारा वर्षांची. रस्त्यावर यायला लागली म्हणून एप्रिलमध्ये माणूस लावून चांगली आतपर्यंत छाटून घेतली. आता ऑगस्ट आला, पाऊसही झाला, पण रस्त्याच्या बाजूनं नुसत्या तपकिरी काड्या दिसतात. शेणखत टाकलं, डीएपी दिलं. फुटतील का? का काढूनच टाकू?

उत्तर : ताई, खोटं कशाला सांगू, तो तपकिरी भाग आता फुटत नसतो. मेंदी किंवा जास्वंद कितीही बोडकी केली तरी जुन्या लाकडातून डोळे फुटतात, मोरपंखीचं तसं नाही, तिची सगळी वाढ हिरव्या टोकांवर. एखाद्या न छाटलेल्या बाजूनं फांद्या हातानं बाजूला करून बघा, वरचं वीतभर हिरवं आणि आत सगळा वाळका चुरा, धूळ, जाळ्या. तो काही रोग नाही, आत ऊनच पोचत नाही म्हणून तसं होतं. तुमच्या माणसानं ती हिरवी गादीच कापून टाकली, मग डीएपीनं काय होणार, बंद करा ते.

माझ्याही हातून हेच झालंय. परभणीला घरी लग्नाचा मांडव टाकायचा होता म्हणून भर मे महिन्यात मी दोन झाडं एका बाजूनं सपाट करून घेतली, ती बाजू शेवटपर्यंत तशीच राहिली अन् येणारा पाहुणा विचारायचा, झाड जळालं का हो?

तरी सगळी अकरा काढायची घाई करू नका. प्रत्येक फांदी नखानं जराशी खरवडा. सालीखाली ओलं हिरवं दिसलं आणि फांदीवर थोडी का होईना हिरवी पानं असली तर ती राहू द्या, शेजारची हिरवी फांदी सुतळीनं वाकवून त्या भोकावर बांधा, दोन-तीन वर्षांत बरंच झाकतं. पूर्ण वाळकं तेवढं काढा. पुढच्या वेळी पाऊस नीट लागल्यावर, जून-जुलैत, फक्त हिरव्यातलं छाटा, थोडं थोडं पण दरवर्षी. एप्रिलच्या उन्हात छाटलं की आतली नाजूक पानं उघडी पडून भाजतात. आणि खाली रुंद, वर निमुळतं ठेवा, नाहीतर वरच्या सावलीनं खालचं वाळतं.

उन्हाळ्यात चांगलं हिरवंसुद्धा धुरकट पिवळं पडायला लागलं तर खाली पांढरा कागद धरून फांदी झटका. बारीक ठिपके चालायला लागले तर लाल कोळी समजा, पाइपनं जोरात पाणी मारून पानं धुवा, दोन्ही बाजूंनी. लातूरकरांना पाणी वाया घालवा म्हणायला जीव होत नाही, 2016 ला रेल्वेनं पाणी आलेलं आपण बघितलंय, म्हणून तेच पाणी बुडात जाईल असं आळं करून घ्या. काळ्या मातीत रोजचा शिडकावा काही कामाचा नाही, आठ-दहा दिवसांनी एकदा मुरवून द्या. पावसाळ्यात मात्र बुडात पाणी साचलं तर मुळं कुजतात, तेव्हा चर काढा.

जी झाडं खरंच गेलीत ती आताच काढा, माती ओली आहे. जमिनीलगत कापू नका, कमरेएवढं खोड ठेवा, भोवती खणून मुळं तोडा अन् तेच खोड धरून हलवा, तरफेसारखं चालतं. आधी नळाची लाइन कुठून गेलीय ते बघा. खणायचं नसेल तर जमिनीलगत कापलं तरी चालतं, परत फुटत नाही, औषध ओतायची काहीच गरज नाही. फक्त शहरात राहता म्हणून आधी महापालिकेत अर्ज करा, 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते.

मोकळ्या जागी परत मोरपंखीच लावायची असेल तर तुमची मर्जी, मी तरी मेंदी लावीन.

प्रश्न : आमची सुरूची रांग पण मोरपंखीसारखीच छाटायची का? (नांदेड)

उत्तर : दादा, दिसायला सुईसारखी पानं असली तरी सुरू त्या कुळातला नाही, फुलं येणारं झाड आहे ते, अन् ती पानंसुद्धा पानं नाहीत, बारीक हिरव्या काड्या आहेत. लहान असताना कात्री चालते, पण मनगटाएवढ्या फांद्या झाल्यावर उंची निम्मी करू नका, जुनं लाकूड तिथंही नीट फुटत नाही.