आधी नोंद, मग खिळा

चि. भाऊस, धुळ्याहून अनेक आशीर्वाद.

तुझ्या संग्रहालयाला देणगीत आलेली रविवर्मा छापखान्याची चित्रे गणपतीपूर्वी भिंतीवर लावा असा वरून तगादा आहे आणि दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेली प्रत्येक वस्तू जिच्यात टिपायची त्या वहीत, मात्र त्यांची एकही ओळ नाही, तेव्हा ऐकावे कोणाचे, असे तू विचारतोस. नोंदवहीचे ऐक.

मुद्राचित्राच्या, म्हणजे अशा छापून काढलेल्या चित्राच्या, प्रती अनेक असतात, म्हणूनच त्यातली आपली प्रत गेल्याचे लवकर कळत नाही. ब्रिटिश म्युझियममधून रॉबर्ट डायटन नावाचा चित्रकार सुटी मुद्राचित्रे बिनबोभाट नेत असे. त्याच्याकडून घेतलेले रेम्ब्रां या डच चित्रकाराचे एक निसर्गचित्र १८०६ मध्ये सॅम्युएल वुडबर्न या विक्रेत्याने तिथल्या प्रतीशी ताडून पाहायला नेले, तेव्हा कुठे तिथली प्रत जागेवर नसल्याचे उघडकीस आले. विल्यम बेलो या अधिकाऱ्याची नोकरी गेली, आणि १८०८ मध्ये मुद्राचित्रांचा विभाग झाला. आधी नोंद हवी होती, एवढेच.

‘कॅलेंडरछाप चित्रांची कसली नोंद?’ असे तुझे साहेब म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९१६ मध्ये मुद्राचित्र विभाग सुरू करणाऱ्या विल्यम आयव्हिन्स यांनी नामवंतांच्या कामाबरोबर साधी, रोजच्या वापरातली छापील चित्रेही जमवली, हे त्यांना सांग.

प्रत्येक चित्राची खालची पांढरी पट्टी आधी वाच. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्यामुळे पट्टीवर छापलेल्या गावाच्या नावावरून काळाचा अंदाज येतो. आणि फ्रेमवाले नेमकी तीच पट्टी कापतात. कापलेली असेल तर तसे लिही. लक्ष्मीच्या साडीवर कुणी जर-टिकल्या शिवल्या असतील तर त्या उसवू नकोस, त्यांचीही नोंद कर. क्रमांक मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेन नको, सेलोटेप तर मुळीच नको.

मला एका संस्थेत चार्ज घेताना वहीत ‘देवादिकांची चित्रे, गठ्ठा एक’ एवढेच लिहिलेले आढळले. गठ्ठा होता, आत किती चित्रे असायला हवी होती, ते ईश्वर जाणे. मी सही केली नाही. त्यापायी बढती अडली, ‘कारकुंडा’ हे नाव पडले, पडो. आजही मी सही करणार नाही, आणि यात माझा हेकटपणा होता असे ज्यांना वाटते त्यांनी तो गठ्ठा मोजून दाखवावा.

तेव्हा वरून पुन्हा फोन आला तर नोंदी किती झाल्या तेवढे सांग. उद्घाटनाची तारीख देऊ नकोस.