वाचकांचे प्रश्न : बुलेटचं इंजिन विमानाला चालेल का?

प्रश्न : अमळनेरला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, ट्रॉल्या बनवतो. दोघं बसतील असं छोटं विमान स्वतः बांधायचं खूप मनात आहे. जुन्या बुलेटचं इंजिन पडून आहे, ते चालेल का? आणि विमान सांभाळायला काय लागतं?

उत्तर : भाऊ, तुमचा हात बसलेला आहे, ही मोठी जमेची बाजू. मी ३१ वर्षं विमानांच्या दुरुस्तीत काढली आणि निवृत्तीनंतर धुळ्यात तिघांत मिळून एक दोन आसनी विमान सांभाळलं, त्यावरून सांगतो.

बुलेटचं इंजिन नको. रस्त्यावर ते बहुतेक वेळ थोड्याच ताकदीवर चालतं. विमानात तासन् तास पाऊण ताकद लागते, आणि बंद पडलं तर कडेला थांबता येत नाही. छोट्या विमानांसाठीच्या रोटॅक्स ९१२ इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, इग्निशनही दुहेरी, म्हणजे एक बिघडलं तरी दुसऱ्यावर चालतं. पण ते एकटंच १५ लाखांच्या पुढे जातं. शिवाय ते १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालवून घेतं, आणि पंपावर आता २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. म्हणजे इंधनाची सोय वेगळी करावी लागते.

त्यात आपलं खान्देशचं ऊन. धुळ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेआठशे फूट, पण ४५ अंशांत तिथली हवा साडेचार हजार फुटांवरच्यासारखी विरळ होते. धाव लांबते, चढ मंदावतो. मे महिन्यात सकाळी साडेसातनंतर आम्ही विमान बाहेरच काढत नसू.

कागदपत्रांचं तर वेगळंच. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं, नोंदणी झाली २०१७ ला, आणि आपल्याच धुळ्यातून ते उडालं २०२० मध्ये. ते तर स्वतः वैमानिक! म्हणून पहिला पत्रा कापण्याआधी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम वाचा आणि प्रत्येक बोल्टची पावती जपा. परवानगीशिवाय एक फूटही उचलायचं नाही.

आता सांभाळणं. आमच्यातल्या एकाच्या आईने विचारलं होतं, "इमानले बी गोठा लागस का?" लागतो. आणि गोठ्यात रोज डोकावावंही लागतं. एका मे महिन्यात लग्नसराईमुळे विमान बारा दिवस उभं राहिलं. तेराव्या दिवशी उडायचं नव्हतं, तरी मी इंजिनावरचं झाकण उघडलं. मागच्या सिलिंडरवर साळुंकीचं घरटं! काड्या, सुतळी आणि मूठभर कापूस. बाहेरून काडीसुद्धा दिसत नव्हती. तसंच इंजिन चालू केलं असतं तर थंड हवेची वाट अडली असती आणि तापल्यावर त्या कापसाने पेट घेतला असता. त्या दिवसापासून हवेच्या तोंडांवर कापडी बोळे लावणं हे चाक बांधण्याइतकंच पक्कं काम झालं.

दोन आसनी धातूच्या विमानाचं किट, म्हणजे सुटे भाग, जोडायला दीड-दोन हजार तास लागतात. दुकान सांभाळून रोज दोन तास दिलेत तरी तीनेक वर्षं गेली. म्हणून आधी एवढं करा : पातळ अ‍ॅल्युमिनियमची दीड फुटी पेटी रिव्हेटने बांधा, वेल्डिंग अजिबात नको. मग त्यातले दहा रिव्हेट ड्रिलने काढा, भोकं मोठी न होता, आणि नवे बसवा. जमलं की मासिकाच्या पत्त्यावर कळवा. मी अमळनेरला येऊन भिंगाखाली एकेक रिव्हेट पाहीन.