एका वेळी एकच

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘मावशी, परवाची आमटी भारी झाली होती, आज तशीच केली तर आंबट, पाणचट आणि डाळ कच्ची. काय चुकलं?’ त्याच्या खालचं वाचून हसू आलं आणि रागही आला. तूरडाळ संपत आली म्हणून निम्मी मसूर घातलीस. आमसूल नव्हतं म्हणून टोमॅटो, तोही डाळीबरोबर कुकरमध्ये. गोड्या मसाल्याऐवजी सांबार मसाला. आणि याला तू ‘तशीच केली’ म्हणतोस! तीन गोष्टी एकदम बदलल्यावर घोळ कुणी घातला हे मी चिपळुणात बसून कसं सांगू?

कुकरचं तेवढं ठामपणे सांगते. आंबट पडलं की डाळ लवकर मऊ होत नाही. टोमॅटो, चिंच, आमसूल, काहीही असो, ते डाळ शिजवून घोटल्यावर. 1 वाटी तूरडाळ अर्धा तास भिजव, 3 वाट्या पाणी, चिमूटभर हळद-हिंग, थेंबभर तेल. आणि तुमच्या सोसायटीत टँकर येतो म्हणाला होतास ना? बोअरचं जड पाणी असेल तर तीच डाळ तितक्याच शिट्ट्यांत अख्खी राहते. म्हणजे तू हात न लावताही एक गोष्ट बदललेली असू शकते. तेव्हा महिनाभर डाळीला प्यायचं फिल्टरचं पाणी घे. पाणी ठरलं की पुढचं बोलू.

एका वेळी एकच गोष्ट बदल. पुन्हा सांगते, एकच. तुझ्या फ्रिजमध्ये पनीर, मशरूम आणि ती झुकिनी कुजत पडली आहे, कारण रोज नवा व्हिडिओ आणि रोज नवा पदार्थ. अशाने माणूस दमतो फक्त, हाताला काही येत नाही.

मला हे कुणी शिकवलं नाही. सासरी ओट्यावर माझा शब्द चालत नसे. मिसळणाच्या डब्यात कुठली वाटी कुठे, हेसुद्धा ठरलेलं. चव जास्त हलली की जेवताना लगेच कुजबुज. एकच गोष्ट बदलली तर मात्र कुणाच्या ध्यानात येत नसे. आधी चिंचेऐवजी आमसूल. पुढे कधीतरी गूळ जरासा कमी. मग मोहरी तडतडल्यावर चार मेथीदाणे. प्रत्येक बदलाने चवीचं काय केलं ते माझ्या जिभेला पाठ झालं. माझ्या आवडीची, लसणाची झणझणीत आमटी मात्र त्या घरात कधीच करता आली नाही. त्याची रुखरुख आहे, अजून आहे.

तुझे काका म्हणतात, ‘हिच्या हाताला नवं काही सुचत नाही.’ म्हणू देत. पाहुणा कुठल्याही वेळी येवो, माझी आमटी तीच लागते, आणि बिघडली तर कशाने बिघडली ते पहिल्या भुरक्याला सांगते. त्यांना साधा चहा दोनदा सारखा जमत नाही.

तर हात बसेपर्यंत साधी आमटीच कर. मग फक्त आंबट बदल: आमसुलाच्या जागी चिंच. चिंचेबरोबर गूळ थोडा वाढतोच, तेवढी सूट. ती चव कळली की फक्त फोडणी बदल, कढीपत्त्याच्या जागी ठेचलेला लसूण. शेवग्याच्या शेंगा त्यानंतर. पिठल्यालाही हाच नियम. 1 वाटी बेसन गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, पाणी सगळं मिळून 3 वाट्या. पाणी कमी करत गेलास की तेच पिठलं घट्ट होतं, आणि थोड्या उकळत्या पाण्यात पीठ कोरडंच पेरून वाफ दिलीस की झुणका. बाजारातून नवं काही आणायला लागलं का?

आठ वाजता दमून येऊन तू गॅसपाशी उभा राहतोस, बाहेरून मागवत नाहीस, हे मी तुझ्या आईला रंगवून सांगत असते. म्हणून तर एवढं ओरडते.

आमसुलं कुरियरने पाठवली आहेत. त्यांना मीठ लावलेलं आहे, तेव्हा 3-4 टाकून उकळी आली की चाखून बघ, मग वरचं मीठ घाल. आणि तो सांबार मसाला रूममेटला देऊन टाक.

तुझी
मावशी