पुण्यात एवढे उड्डाणपूल होऊनही वाहतूक कोंडी का सुटत नाही?

कारण उड्डाणपूल गाड्यांना जागा देतो, माणसांना नाही. रस्ता मोकळा दिसला की बसने जाणारा दुचाकी काढतो, दुचाकीवाला कार घेतो, आणि काही वर्षांत तो पूलही भरतो. कोंडी फक्त पुढच्या सिग्नलला सरकते. विद्यापीठ चौकातला पूल तर २०२० मध्ये पाडावा लागला, कारण मेट्रो आणि नवा दुमजली पूल त्यात बसेना.

खरा उपाय पुण्याला फार आधी सुचला होता. कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर २००६ मध्ये देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेली सेवा, सुरू झाली. पण बसच्या मार्गिकेत खासगी गाड्या घुसत राहिल्या, थांब्यापर्यंत सुरक्षित पोचायची सोय अपुरी राहिली. अहमदाबादने २००९ मध्ये तीच कल्पना जास्त नेटाने राबवली. आपण मात्र मागे पडलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मेट्रो २०२२ पासून धावतेय, चांगलंच आहे. पण स्थानकातून उतरल्यावर सलग फूटपाथ आणि दर पाच-सात मिनिटांनी पीएमपीची बस नसेल, तर लोक घरूनच गाडी काढणार. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, तिथे आज आजी-आजोबाही निवांत बसतात. पुढचा पैसा आधी अशा कामांवर खर्च व्हायला हवा.