गारुडी : मूळचा खेळवाला नव्हे

प्रश्न असा आहे : रस्त्यावर सापाचा खेळ करणारा तो गारुडी, तर ‘स्वरांचे गारुड’ हा प्रयोग पुंगीवरून आला का?

नाही. पुंगीचा इथे संबंध नाही.

मूळ शब्द गरुड. सापांचा वैरी म्हणून सर्पविष उतरवण्याचे मंत्र त्याच्या नावावर, ते ‘गारुड’. शिवापासून शैव, तसे गरुडापासून गारुड, आद्यस्वराची वृद्धी (‘अ’चा ‘आ’, ‘इ’चा ‘ऐ’). ती विद्या जाणणारा गारुडिक. त्यातला ‘क’ प्राकृतात गळला आणि ‘इअ’चा ‘ई’ होऊन गारुडी उरला, तैलिकाचा तेली झाला तसाच. काही जण ‘गर’ म्हणजे विष, त्यावरून गारुडी, असे सांगतात. अर्थ छान जुळतो, पण मग ‘उड’ कुठून आला याला उत्तर नाही.

म्हणजे गारुडी आधी मांत्रिक-वैद्य होता. साप खेळवणाऱ्याला संस्कृतात वेगळा शब्द आहे : अहितुंडिक. अमरकोशात विषवैद्य-जांगुलिक ही जोडी वेगळी आणि व्यालग्राही-अहितुंडिक ही वेगळी. ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकात राक्षस नावाच्या अमात्याचा हेर विराधगुप्त ज्या वेषात येतो तो आहितुंडिकाचा (अहितुंडिकाचेच दुसरे रूप), नाव घेतो जीर्णविष! (हेराला घरोघर शिरायला याहून सोयीचा धंदा कोणता?) मराठीत ही दोन्ही कामे एकाच शब्दात आली, आणि पुढे हातचलाखी करणाऱ्यालाही गारुडी म्हणू लागले.

‘गारुड’ मात्र मंत्राच्या अर्थाला चिकटून राहिले. म्हणून गारुड माणसावर पडते, मनावर घातले जाते. ‘त्याने गारुड दाखवले’ म्हटले तर जादूचा खेळ. ‘गारुड घातले’ म्हटले तर मोहिनी. क्रियापद बदलले की अर्थ बदलतो, इथेच लिहिणारे घसरतात.

मदारी हा गारुडीचा समानार्थी नव्हे. तो शब्द उत्तर प्रदेशातल्या मकनपूरचे सूफी संत शाह मदार यांच्या पंथातल्या फकिरांवरून आला. दोरीवर, बांबूवर कसरती करणारा तो डोंबारी.

लेखनाचे म्हणाल तर, गारुड तत्सम मानले तर ‘रु’ ऱ्हस्व. मराठी अकारान्त शब्दांच्या नियमाने ‘गारूड’ लिहिणारेही आहेत. गारुडी, गारुडाने, गारुड्याची पोतडी यांत मात्र ऱ्हस्वच.